पुसलेल्या अक्षरांची धूळ

एका राज्यात पाट्या सोन्याच्या होत्या आणि लेकरं गप्प होती.

राज्य तसं वाईट नव्हतं. नदीला पाणी होतं, झाडाला सावली होती, आणि तिथले पक्षी माणसासारखं बोलत, माणसांपेक्षा कमी खोटं बोलत. पूर्वी तिथेही साधी शाळा होती. लाकडी पाटी, पाटीवर बारीक धूळ, धुळीत बोटानं काढलेलं अक्षर. चुकलं की तळहातानं पुसायचं, पुन्हा काढायचं. संध्याकाळी पोरं पांढरीफटक होऊन घरी येत आणि आया विचारत, शिकायला गेला होतास की लोळायला.

मग राजा मणिकेतू गादीवर आला. लहानपणी भरदरबारात एका प्रश्नाचं उत्तर त्यानं चुकीचं दिलं होतं. कोणता प्रश्न, कोणतं उत्तर, हे त्यानं पुढे कुणालाच सांगितलं नाही. पण दरबार हसला होता, पाहुणे राजे हसले होते, पंखा ढाळणारी दासीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली होती. ते हसू त्याच्या कानात राहून गेलं. राजा झाल्यावर त्यानं ठरवलं की आपल्या राज्यात कुठल्याच लेकराच्या वाट्याला हे यायला नको. कुणी चुकायलाच नको.

धुंडा नावाच्या मांत्रिकानं त्याला वारुळाखालचा खजिना काढून दिला. खजिन्यात सोन्याच्या पाट्या होत्या.

धुंडा म्हणाला, "महाराज, या पाटीवर लिहिलेलं पुसत नाही. जो चुकेल त्याचं एक बोट सोन्याचं होईल. मग चुकायची कुणाची छाती आहे?"

पाट्या शाळेत आल्या. पहिला बसला राजाचा मुलगा, रत्नकेतू, वय वर्षं आठ. महिनाभरात त्याची दहाही बोटं सोन्याची झाली. दहावं बोट गेलं तसा तो सगळाच सोन्याचा झाला, बसल्या जागी, तोंड अर्धवट उघडं.

राजानं धुंडाला विचारलं, "आता?"

धुंडा म्हणाला, "ज्या दिवशी एखादं मूल शंभर प्रश्न न चुकता लिहील, त्या दिवशी हा जागा होईल." असं म्हणून तो त्याच दिवशी राज्य सोडून गेला.

तेव्हापासून दर पौर्णिमेला परीक्षेचा दरबार भरे. शंभर प्रश्न. न चुकणारं मूल काही सापडत नव्हतं. राजवाड्याच्या ओसरीत आता रत्नकेतूच्या शेजारी चाळीस लेकरं सोन्याची होऊन उभी होती. राजा रोज सकाळी स्वतःच्या उपरण्यानं पोराच्या अंगावरची धूळ पुसायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

त्याच राज्यात भिवरा नावाची बुरडीण राहत होती. सुपं, टोपल्या, दुरड्या विणून पोट भरायची. नवरा बांबूच्या वनात गेलेला, पावसाच्या आधी यायचा नाही. घरात ती, तिची सात वर्षांची लेक येसू, आणि एक राखी रंगाची कोंबडी. भिवरा पहाटे उठायची, बांबू चिरायची, भाकऱ्या टाकायची, येसूची वेणी घालायची, तिला शाळेत सोडायची, घरी येऊन विणायची, आणि शाळा सुटायच्या कितीतरी आधी जाऊन शाळेच्या पायऱ्यांवर बसायची. अंग इतकं मोडून आलेलं असे की बसल्या बसल्या डोळा लागावा. पण लागत नसे. तिथे बसलेल्या कुठल्याच आईचा लागत नसे.

"तुझ्या लेकीची किती बोटं गेली गं, भिवरे?" हौसा कुंभारणीनं त्या दिवशी विचारलं.

"सात."

"आमच्याची चार. पण डाव्याच हाताची, बरं का."

"काय करतेस गं तू घरी?"

"पहाटे उठवते, शंभर वेळा म्हणून घेते. मारत नाही हं. नुसती बघते त्याच्याकडे."

वरच्या पायरीवर कारभारीणबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या चंदूची दहाच्या दहा आहेत."

"तो लिहितो तरी का काही?" हौसानं विचारलं.

"लिहिलं की चुकतं. मी त्याला सांगून ठेवलंय, पाटी पुढ्यात घे, मान हलव, गप्प बस."

"आणि परीक्षेला?"

"परीक्षेला त्याला ताप येतो."

यावर कुणी हसलं नाही. जिला तिला वाटलं, हे आपल्याला कसं सुचलं नाही.

दार उघडलं. शाळेची रीत अशी होती की लेकरांनी दोन्ही हात वर करून बाहेर यायचं, म्हणजे आयांना लांबूनच मोजता यावं. पायऱ्यांवरच्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या आणि ओठातल्या ओठात मोजू लागल्या. येसू आली. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं तिचं होतं. बाकी आठ उन्हात चमकत होती.

"काय चुकलं?" भिवरानं विचारलं.

"सात आठे चोपन्न लिहिलं."

"अगं, काल वीस वेळा लिहिलंस की माझ्यासमोर. वीसच्या वीस बरोबर."

शाळेतून आल्यावर येसू बोलतच नसे.

भिवरा पंतोजींकडे गेली. पंतोजी म्हातारे होते, फडक्यानं पाट्या चकचकीत करत बसले होते. "पंतोजी, घरी हिला सगळं येतं. एक चूक होत नाही."

"घरी हात कोण धरतं तिचा?"

"मीच धरते. बोट धरून गिरवून घेते."

"इथे कुणी धरत नाही."

"मग शिकवता तरी काय तुम्ही?"

पंतोजींनी फडकं खाली ठेवलं. "शिकवत होतो, बाई. तीस वर्षं, धुळीवर. आता मी नुसता मोजतो."

पौर्णिमा अकरा दिवसांवर होती. शंभर प्रश्न आणि दोन बोटं. भिवरा स्वतः सात इयत्ता शिकली होती, धुळीच्या काळात. आठवीला बसायच्या आधीच तिला बांबू सोलायला बसवलं. पण दोनातून शंभर जात नाहीत, एवढं तिला कळत होतं.

घरी आल्यावर तिनं येसूला जेवू घातलं, पुढ्यात बसवलं, तिचं बोट आपल्या मुठीत धरलं आणि राखेत सात आठे गिरवायला घेतलं. येसूचा हात मेलेल्या माशासारखा हलका होता. जिकडे नेला तिकडे जात होता.

"सोड तिला," कोपऱ्यातून आवाज आला.

कोंबडी बोलत होती. ती ज्या टोपलीत बसली होती ती येसूनं पाच वर्षांची असताना विणलेली. बुरडांच्या घरात रीतच आहे तशी. लेकराची पहिली टोपली मोडायची नाही, विकायची नाही, कोंबडीला द्यायची. कोंबडी वाकडं की सरळ ते बघत नाही. त्या टोपलीचा काठ एकीकडे वर गेला होता, दुसरीकडे खाली आला होता, आणि बूड इतकं फुगलं होतं की ठेवली की डुलायची.

"तू अंडं घाल," भिवरा म्हणाली. "लेकराचं मी बघते."

"तेच बघतेय मी दोन वर्षं. भिंतीशी रांगेत ठेवलेल्या त्या टोपल्या कोणी विणल्या?"

"येसूनं."

"आणि ती शाळेत गेली की त्यांची वीण सोडून पुन्हा कोण विणतं?"

येसू खाली बघत होती.

"या घरात तुझ्या लेकीचं असं एकच काम आहे," कोंबडी म्हणाली, "आणि त्यावर मी बसले आहे. ते झालं तेव्हा तू तापानं पडली होतीस."

"आता बोलून काय उपयोग? अकरा दिवस राहिले."

"धुंडा जिवंत आहे. तीन दिवसांची वाट आहे. ज्यानं पाट्या काढल्या त्याला जाऊन विचार. मला बरोबर घे. वाट मला ठाऊक आहे, फक्त पाय आखूड आहेत."

भिवरानं भाकऱ्या बांधल्या. कोंबडी टोपलीसकट डोक्यावर घेतली, येसूला कडेवर घेतलं. सात वर्षांची पोर कडेवर घेण्याएवढी लहान नसते, पण भिवरानं घेतली.

वाटेत एक नदी लागली. ती माणूस दिसलं की उभी राहायची. कोंबडीनं तिला आडवं व्हायला सांगितलं, ती झाली, यांनी ओलांडली. मग एक डोंगर लागला, त्यानं पाठ फिरवली होती, म्हणून पाठीवरून गेल्या. मग बोलणाऱ्या निवडुंगांचं रान लागलं. ते सगळे एकदमच सल्ला देत होते, मुलीला असं शिकव, मुलीला तसं शिकव. भिवरा प्रत्येकाशी थांबून बोलू लागली. कोंबडीनं चोच मारली तेव्हा पुढे निघाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक कोरडी विहीर लागली. काठावर कडुनिंब होता, शेजारी एक गाय बांधली होती, आणि निंबाखाली धुंडा बसला होता. त्याची दहाही बोटं सोन्याची होती. एक साळुंकी त्याला घास भरवत होती.

"बाबा, ही बोटं कशानं गेली?" भिवरानं विचारलं.

"राजाला मी म्हणालो होतो, न चुकणारं मूल मिळालं की सगळं सुटेल. मला खरंच तसं वाटत होतं. ते चुकीचं होतं. वाटेतच कळलं, आणि बोटं गेली. मी मोठा आहे म्हणून अंग राहिलं."

"मग परत जाऊन सांगायचं होतंत."

"मांत्रिकानं जाऊन म्हणायचं, मी चुकलो?" धुंडा साळुंकीकडे बघू लागला. "नाही जमलं, बाई."

"माझ्या लेकीचं काय ते सांगा."

"तीन कामं आहेत. एक, धूळ राहील असं भांडं विणायचं. दोन, या विहिरीत उतरून ते भरून आणायचं. पूर्वी पाटीवरचं जे जे पुसलं गेलं, ती सगळी धूळ हिच्या तळाला आहे. तीन, ती राजाच्या सोन्याच्या पाटीवर अंथरायची आणि तिच्यात लिहायचं. खालच्या सोन्याला चूक दिसणार नाही. गेलेली बोटं परत येतात का, ते मला ठाऊक नाही. उरलेली तरी राहतील."

"करते मी."

"तू नाही. पोरीनं करायचं. तुझा हात लागला तर काम खोटं, आणि खोट्या कामाची चूक तिच्या नावावर."

बांबू तिथे होता, सुरी भिवराकडे होती. येसू बसली. अंगठा आणि एक बोट, एवढ्यानं कामट्या काढायला दुपार गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बूड झालं, चार बोटं उंची झाली. मग ती निंबाखाली झोपली.

भिवरा टोपलीकडे बघत होती. दोन कामट्या सैल होत्या. तिथून धूळ गळणार, आंधळ्यालाही दिसलं असतं. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कोंबडी दाणे टिपत होती. धुंडा डुलकी घेत होता. तिनं हात पुढे केला आणि दोनच कामट्या ओढून घट्ट केल्या. दोनच.

टोपलीची राख झाली.

येसू दचकून उठली. तिनं हात डोळ्यांपुढे धरला. अंगठ्याशेजारचं बोट सोन्याचं झालं होतं.

"कोण चुकलं?" धुंडानं डोळे न उघडता विचारलं.

"मी," भिवरा म्हणाली.

"आणि बोट कुणाचं गेलं?"

भिवरा येसूसमोर बसली. येसू राखेकडे बघत म्हणाली, "आई, तू माझ्या टोपल्या का सोडतेस?"

"वाकड्या असतात गं."

"मला माहीत असतं."

"माहीत असतं तर सरळ का नाही करत?"

"करणार असते. शाळेतून आले की तू आधीच केलेली असतेस."

भिवरा उठली आणि दहा पावलं लांब जाऊन बसली. दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसली. आयुष्यात बांबू चिरले, ओझी वाहिली, बाळंतपण काढलं, पण हाताला एवढे कष्ट तिनं कधी दिले नव्हते. कोंबडी येऊन तिच्या पायाशी बसली.

"बघू नकोस," कोंबडी म्हणाली.

"बघितलं नाही तर जीव जाईल."

"मग बघ. पण तोंड मिटून."

येसूनं अंगठा, टाच आणि दात, या तिघांनी विणायला घेतलं. एकदा सगळं सुटलं. एकदा काठ आतल्या आत वळला. एकदा तिनं टोपली उचलून लांब फेकली आणि तासाभरानं स्वतःच जाऊन घेऊन आली. तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी टोपली उभी राहिली, दुधी भोपळ्यासारखी, एका बाजूला पोट आलेली. तिनं मूठभर माती घालून बघितली. माती खालून गळली.

भिवराच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिनं पदर तोंडात कोंबला.

येसू टोपलीकडे बघत राहिली. मग उठली, गाईकडे गेली, ओंजळीच्या कडेनं शेण गोळा केलं, माती कालवली आणि टोपली आतून सारवली. घरी धान्याच्या कणग्या अशाच सारवल्या जातात. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. भिवरानं तर तिला शेणाला कधी हातच लावू दिला नव्हता, शाळेचे हात म्हणून. उन्हात टोपली वाळली. पुन्हा माती घातली. गळली नाही.

"शेणाला वास येतो," येसू म्हणाली, आणि हसली. वर्षभरात भिवरानं तिला हसताना बघितलं नव्हतं.

मग विहीर. साठ पायऱ्या, आणि आत अंधार. भिवरा काठावर पालथी पडून खाली बघत राहिली.

त्या विहिरीत नुसती धूळ नव्हती. चुकलेल्या लेकरांवर आजवर जे जे हसलं गेलं, ते हसूही तिच्यातच साठलं होतं. येसूच्या पावलांचा आवाज झाला तसं ते जागं झालं. हळूहळू सगळी विहीर हसू लागली. वर भिवराला ऐकू येत होतं: चोपन्न, चोपन्न, सात आठे चोपन्न.

तिला वाटलं, ओरडून सांगावं, छप्पन्न म्हण, येसू. तिनं काठाचा दगड घट्ट धरला.

खालून येसूचा आवाज आला, साधाच, भाजी आणायला सांगितल्यावर येतो तसा. "हो. चोपन्नच म्हणाले होते मी."

हसू थांबलं. असं उत्तर त्याला आजवर कुणी दिलं नव्हतं. त्याला पुढे काय करावं कळेना, तेव्हा ते निजून गेलं.

येसू वर आली ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरीफटक, काखेत भरलेली टोपली. भिवरानं तिला झाडलं नाही. फक्त विचारलं, "दमलीस?"

"दमले."

"मी पण," भिवरा म्हणाली. परतीला येसू पायांनी चालली.

पौर्णिमेच्या दिवशी दरबार भरला. ओसरीत एक्केचाळीस सोन्याची लेकरं, समोर आया, मध्ये सोन्याची पाटी. राजा मणिकेतू सिंहासनावर पेंगुळल्यासारखा बसला होता. त्याला आता आशाही उरली नव्हती, सवय उरली होती. चंदूला ताप आला नव्हता, कारण या खेपेला राजानं वैद्य बसवला होता.

येसूचं नाव पुकारलं गेलं. ती पुढे गेली आणि टोपली पाटीवर उपडी केली. सोनं धुळीखाली झाकलं गेलं. दरबार खोकू लागला.

"हे काय?" राजानं विचारलं.

"धूळ आहे, महाराज."

"ती मी रोज पुसतो. राजवाड्यात धूळ चालत नाही."

पंतोजी पुढे झाले. त्यांनी वाकून चिमूटभर धूळ उचलली आणि बोटांत चोळली. "महाराज, अक्षर कशावर लिहायचं याचा नियम कुठेच नाही. मी शाळेचे सगळे नियम वाचले आहेत. दुसरं वाचायला काही नसतं."

राजानं हात हलवला. "विचारा."

"सात आठे?" पंतोजींनी विचारलं.

येसूनं अंगठ्यानं धुळीत लिहिलं: चोपन्न. भिवराचे ओठ हलले, तसा तिनं खालचा ओठ दातांत धरला. येसू आकड्याकडे बघत राहिली, मान तिरकी करून. मग तिनं तळहातानं तो पुसला.

पुसला तसं अंगठ्याशेजारचं बोट पुन्हा हाडामासाचं झालं.

येसूनं ते हलवून बघितलं. मग लिहिलं अठ्ठावन्न. पुन्हा बघितलं, पुन्हा पुसलं. आणखी एक बोट परत आलं. मग तिनं आकडे सोडले. धुळीत आठ टिंबांची एक ओळ काढली, तिच्याखाली दुसरी, अशा सात ओळी काढल्या, आणि एकेका टिंबाला बोट लावत मोजत गेली. सगळा दरबार तिच्याबरोबर मोजत होता.

"छप्पन्न," ती म्हणाली. आणि आईकडे वळून, "दिसतंय बघ, आई."

"बरोबर," पंतोजी म्हणाले. "पुढचा सोपा विचारू?"

"अवघड विचारा. माझी सात बोटं राहिलीत. सोपं विचारलं तर मी चुकणार कशी?"

मग काही रांग उरली नाही. लेकरं पाटीभोवती जमली. चुकायचं, बघायचं, पुसायचं. हौसाच्या पोराची चारही बोटं परत आली. चंदू आईचा हात सोडवून घुसला. त्याची दहाच्या दहा होती, त्याला मिळवायचं काहीच नव्हतं. त्यानं धुळीत एक मोठं, वेडंवाकडं काहीतरी काढलं.

"काय आहे रे हे?" कारभारीणबाईंनी विचारलं.

"माहीत नाही," चंदू म्हणाला. "मी काढलं."

तेवढ्यात येसू ओसरीकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यांचं कोण पुसणार? त्यांना हात हलवता येत नाही."

सगळे राजाकडे बघू लागले. राजा सिंहासनावरून उतरला. पाटीजवळ आला, उभा राहिला, गुडघे दुखत होते तरी खाली बसला. त्यानं धुळीत एकच शब्द लिहिला: स्वयंपाकघर.

"मी आठ वर्षांचा होतो," तो म्हणाला. कुणाकडेही न बघता म्हणाला. "दरबारात मला विचारलं, सूर्य कुठे मावळतो. मी म्हणालो, स्वयंपाकघरात. सगळे हसले."

आज कुणी हसलं नाही. राजानं बराच वेळ त्या शब्दाकडे बघितलं, मग तळहातानं तो पुसला.

ओसरीतून बारीक आवाज आला. "तिथेच मावळतो की. माझ्या खिडकीतून दिसतो."

रत्नकेतू उभा होता, हाडामासाचा, झोपेतून उठल्यासारखा डोळे चोळत. "बाबा," तो म्हणाला, "ती माझी खोली आधी तुमची होती ना?"

राजानं मान हलवली. उपरणं हातात होतं, पण पुसायला आता काही नव्हतं, म्हणून त्यानं त्याच उपरण्यानं डोळे पुसले.

मग एकेक आई पुढे आली, एकेक बाप पुढे आला. कुणी लहानपणीची चूक लिहिली, कुणी परवाची. भिवराची लेक तर समोर उभी होती, दहा बोटांनिशी. तरी ती रांगेत राहिली. तिनं दोन कामट्या काढल्या, बघितल्या, पुसल्या. तिनं कुणाचं लेकरू सोडवलं ते तिलाही ठाऊक नाही. संध्याकाळपर्यंत चाळीसही लेकरं मोकळी झाली, आणि सगळ्यांनी मिळून राजपुत्राच्या खिडकीतून बघितलं. सूर्य स्वयंपाकघराच्या धुराड्यामागेच मावळला.

सोन्याच्या पाट्या राजानं गोठ्यात अंथरल्या. गाईंना गार वाटतं म्हणतात. पंतोजींनी लाकडी पाट्या पुसून काढल्या. धुंडाकडे टोपलीभर धूळ पाठवली. टोपली येसूची, वाकडी. आठवड्यानं साळुंकी सांगत आली की म्हातारा आता आपल्या हातानं जेवतो आणि सांडतो फार.

दरबाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येसू अंगणात विणायला बसली होती. काठ एकीकडे वर चालला होता. भिवरानं बघितलं. तिचा उजवा हात आपोआप पुढे गेला. डाव्या हातानं तिनं तो मनगटात धरला आणि मांडीवर ठेवला. काळजी गेली नव्हती. पुढे आठवी आहे, नववी आहे, तिथलं तर आपल्याला काहीच येत नाही, पोरीचं कसं व्हायचं, हे सगळं डोक्यात चालूच होतं.

"आई, चुकतंय का गं?" येसूनं विचारलं.

"बघ तूच."

येसू बघू लागली. कोंबडी जुन्या टोपलीत डुलत बसली होती. अंगणात ऊन होतं, काम पडलेलं होतं, सुपं विणायची राहिली होती. आणि भरदिवसा, भिंतीला टेकून, दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवून, भिवराला झोप लागली.

जशी त्या राज्यातल्या लेकरांची बोटं सुटली, तशी सगळ्या लेकरांची सुटोत, आणि त्यांच्या आयांना दुपारची घटकाभर झोप मिळो.